सात खराब कप्पे

दह्याचं भांडं आणि कोथिंबिरीची जुडी यांच्या मधून सुजयने बोर्ड ओढून काढला, त्याच्यावरची प्लास्टिकची पिशवी सोडली आणि जवळजवळ पळतच डायनिंग टेबलाशी येऊन त्याला वायर जोडली. लॅपटॉपच्या पडद्यावर चार ओळी सरसर उमटल्या, पाचवी अर्धी आली आणि तिथेच अडकली. सुजयने आनंदाने टेबलावर थाप मारली. दोन दिवस उबेत बसून हा बोर्ड साळसूदपणे चालत होता. थंडीत घातल्याबरोबर त्याने आपला खरा गुण दाखवला.

"अरे, फ्रीज उघडाच ठेवला ना," आतून प्रेमलताबाई म्हणाल्या. "सगळी ठंडक निघून राहिली आहे. आणि अंघोळीचं काय? अकराला लोकमान्य नगरला पोचायचंय, ध्यानात आहे का?"

ध्यानात होतं. ध्यानात असल्यामुळेच तो पहाटेपासून बोर्डाशी झटत होता. धास्ती वाटली की माणसं स्तोत्र म्हणतात, नखं खातात. सुजय नेवासकर दुरुस्ती करतो.

बोर्ड होता दुधातली फॅट मोजणाऱ्या यंत्राचा. जयसिंगरावांच्या छोट्याशा कारखान्यात अशी यंत्रं बनत आणि त्यांच्यात जीव ओतायचं, म्हणजे आतला प्रोग्राम लिहायचं काम सुजयचं. हातोदच्या एका दूध संकलन केंद्रात नमुना म्हणून एक यंत्र बसवलं होतं. ते पसंत पडलं तर आणखी बरीच जाणार होती. पण जानेवारीच्या गारठ्यात, बरण्या घेऊन लोक रांगेत उभे असताना, ऐन वेळी ते सुरूच होईना. असं यंत्र सुरू होताना सगळ्यात आधी एक चिमुकला प्रोग्राम उठतो, त्याला बूटलोडर म्हणतात. तो उठून बाकीच्यांना उठवतो, घरात आई उठवते तसा. हातोदला आई वेळेवर उठत होती, पण बाकीचं घर काही केल्या पांघरूण सोडत नव्हतं. सुजयने आधी हातोदच्या विजेला नावं ठेवली, मग वायरला, मग ज्याने यंत्र भिंतीवर ठोकलं त्याला, आणि शेवटी यंत्रच माघारी आणवलं. जयसिंगराव आज संध्याकाळच्या दुधाच्या वेळी स्वतः यंत्र घेऊन हातोदला जाणार होते.

"हे मी बरोबर घेतो," सुजयने बोर्ड पुन्हा पिशवीत घालत सांगितलं.

"मुलगी पाहायला?"

"जयसिंगरावांना तीन वाजता द्यायचंय, आई."

प्रेमलताबाईंनी देवाकडे पाहिलं. खजराण्याच्या गणपतीला जाऊन त्या गेल्याच आठवड्यात नवसाचं उलटं स्वस्तिक काढून आल्या होत्या. आता गणपतीनेच काय ते बघावं, असा त्यांचा चेहरा झाला. त्यांचे यजमान शरच्चंद्र, रेल्वेतून निवृत्त झालेले आणि बोलण्यातूनही निवृत्त झालेले, बूट घालून केव्हाचे दाराशी बसले होते.

गाडीत उजळणी झाली. ती दर वेळी होत असे.

"पोहे आले की काय म्हणशील?"

"वा, जिरावनचा काय वास सुटलाय."

"आणि दाणे?"

"खमंग."

कारण असं की सुजयला वास येत नव्हता. त्या साथीच्या वर्षी ताप आला, गेला, आणि जाताना नाक घेऊन गेला. खारट, गोड, तिखट जिभेला कळे. बाकी बासुंदी काय आणि खळ काय, सारखीच. दुसऱ्या एखाद्या गावात हे खपून गेलं असतं. पण हे इंदूर. इथे माणूस सकाळी पोह्यांवर उठतो आणि सराफ्याच्या रात्रबाजारातल्या गरम जिलबीवर निजतो. सुजयने पहिल्या दोन ठिकाणी भाबडेपणाने खरं सांगितलं. एका मुलीच्या वडिलांनी तर, घरात कोणी गेल्यासारखा त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. दोन्हीकडून नकार आला. तेव्हापासून सूत्रं प्रेमलताबाईंनी हातात घेतली होती. विचारलं तर बघू, आपण होऊन सांगायचं नाही, हा त्यांचा कायदा होता.

आणि आता विधात्याची गंमत पाहा. अनुश्री ओगले एका नमकीनच्या कारखान्यात, तपासणीच्या खोलीत कामाला होती. तेल ताजं की उतरलेलं, शेव बाजारात जावी की परत, हे ती वासावर सांगत असे. हे कळलं तेव्हा प्रेमलताबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या होत्या, अख्ख्या इंदुरात आपल्याला मिळून मिळून नाकवालीच मिळावी!

नाही म्हणून टाकता आलं असतं. पण सुजयचं तिच्याशी फोनवर दोनदा बोलणं झालं होतं आणि दुसऱ्यांदा ती हसली होती. त्या हसण्यानंतर तो आठवडाभर कारखान्यात विनाकारण शीळ घालत हिंडत होता. त्याला ती हवी होती. खरं सांगितलं तर ती जाणार, आणि न सांगता मिळाली तर जन्मभर पोह्यांची स्तुती पाठ म्हणावी लागणार. गाडी रामबागेतून वळली तेव्हा तो मनातल्या मनात खमंग, खमंग असं घोकत होता.

ओगल्यांच्या दारात पहिलाच घोटाळा झाला. बोर्ड गाडीत गरम झाला तर पुन्हा साळसूद होऊन बसेल, या एकाच विचारात असलेल्या सुजयने नमस्कार करून ओगलेकाकूंपुढे पिशवी धरली.

"काकू, हे जरा फ्रीजमध्ये ठेवता का?"

"अहो, कशाला आणायचं!" काकूंनी पिशवी दोन्ही हातांनी घेतली. "तुम्ही पण ना. एवढी तकलीफ कशाला घेतली?"

मिठाई नाही हे सांगण्याआधी पिशवी आत गेली. प्रेमलताबाईंनी डोळे मिटून घेतले. शरच्चंद्र भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

शामराव ओगले शाळामास्तर होते आणि अजून प्रत्येक वाक्य दोनदा सांगत. हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. शहर किती स्वच्छ झालं हे झालं. मग पडदा हलला आणि अनुश्री पोहे घेऊन आली. फोटोत दिसत होती त्यापेक्षा ती ठेंगणी होती आणि तिची नजर फोटोत आली नव्हती. ती समोरच्या माणसाकडे, त्याच्यावर तारखेचा शिक्का मारायचा असल्यासारखी पाहत होती. मराठी घर म्हणून पोह्यांत दाणे होते, इंदूर म्हणून बडीशेप, आणि वर शेव नि जिरावन मसाल्याची चिमूट.

पहिला घास सगळ्यांनी एकदमच घेतला. शामरावांनी घास तोंडात धरून पत्नीकडे पाहिलं. काकू लाल झाल्या. शरच्चंद्रांनी चमच्याने एकेक दाणा बाजूला सारून ताटलीच्या कडेला नीट ढीग लावायला घेतला. प्रेमलताबाईंनी डोळ्यांत पाणी आणून घास गिळला आणि आवाजात साखर घालून म्हणाल्या की वा, हाताला चव आहे हो मुलीच्या.

सुजयला यातलं काही कळलं नाही. त्याने पाठ केलेलं म्हणून टाकलं.

"जिरावनचा काय वास सुटलाय. आणि दाणे... अगदी खमंग."

आणि भीतीपोटी आणखी मागून घेतले.

अनुश्रीने वाढले. वाढताना तिच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते मावळलं. हे सुजयला मात्र दिसलं, नाकाचा तिथे संबंध नव्हता. आपलं काहीतरी चुकलं एवढं त्याने ओळखलं. काय चुकलं हे कळेना. तेवढ्यात, मिठाई वाढायला म्हणून आत गेलेल्या काकूंची हाक आली, की अगं अनु, ह्यात तर वायरी आहेत.

तो उठलाच. मोठ्यांनीही, मुलं स्वयंपाकघरात बोलतील, असं म्हणून सुटकेचा श्वास सोडला आणि काकू पाण्याचे पेले घेऊन बाहेर आल्या.

ओट्यावर लॅपटॉप उघडून सुजयने फ्रीजमधून काढलेला बोर्ड जोडला. हे काम त्याला येत होतं. चार ओळी उमटल्या, पाचवी अडली.

"हे काय आहे?" अनुश्रीने विचारलं. आवाजात कुतूहल नव्हतं. पाहुण्याशी बोलावं लागतं म्हणून विचारलं होतं.

त्याने हातोदचं सगळं सांगितलं. यंत्राची आठवण एका चिपमध्ये असते, त्या चिपमध्ये हजारो कप्पे असतात, बूटलोडर त्यातल्या ठरावीक कप्प्यांतून प्रोग्राम उचलतो आणि थंडीत एका कप्प्यातलं त्याला धड वाचता येत नाही. तिने वाकून पडद्याकडे पाहिलं. त्याने पुन्हा चालू केलं. पाचवी ओळ पुन्हा त्याच कप्प्याच्या आकड्यावर अडली.

"दर वेळी इथेच अडतं?"

"हो. हाच कप्पा."

"मग तिथे ठेवता कशाला?"

सुजयने बोर्डावरचा हात काढून घेतला. दोन दिवस तो विजेला आणि वायरला शिव्या घालत होता. या प्रश्नाजवळून मात्र तो रोज पाय न वाजवता गेला होता.

"अशा कप्प्यांवर आधी खुणा होत्या," तो हळूच म्हणाला.

"कोणी केलेल्या?"

"चिप बनवणाऱ्यांनी. सगळ्याच चिपमध्ये थोडे कप्पे कच्चे निघतात. ते तपासून आधीच खूण करून देतात, की इथे काही ठेवू नका. हिच्यात सात होते."

"मग खुणा गेल्या कुठे?"

"मी पुसल्या."

झालं होतं असं. यंत्र सुरू होताना पडद्यावर एक ओळ यायची: खराब कप्पे, सात. हातोदच्या माणसाने ती वाचली आणि हटून बसला, की नवीन मालात सात ठिकाणी खोट कशी? जयसिंगराव इंदुरी थाटात म्हणाले, भिया, ते सात काढून टाक. नुसती ओळ लपवली असती तर भागलं असतं. पण सुजयला ते खोटं वाटलं. सात असताना शून्य लिहायचं म्हणजे काय? म्हणून त्या सत्यवचनी माणसाने खुणाच पुसल्या. खुणा एकदा गेल्या की परत मिळायची खात्री नाही, पुसू का, असं त्या प्रोग्रामने स्पष्ट विचारलंही होतं. सुजयने सातही कप्पे आपल्या उबदार खोलीत तपासले, सगळे ठीक निघाले, आणि कंपनीवाले उगाच घाबरट असतात असं म्हणून त्याने हो दाबलं होतं. कुठले सात, हे लिहून ठेवायचंही त्याला सुचलं नाही. ओळ शून्य झाली आणि जयसिंगरावांनी समोसे मागवले.

अनुश्री हसली. फोनवर हसली होती तशीच, फक्त या वेळी नाइलाजाने.

"म्हणजे ती चिप वाया?"

"नाही ना. चिप चांगली असते. जागा माहीत असली की झालं. तेवढी सोडून बाकी सगळीकडे भरवसा ठेवता येतो. गडबड कधी होते, तर कोणी ते पुसून सगळं ठीक आहे असं..."

तो थांबला. बाहेर शामराव काहीतरी दुसऱ्यांदा सांगत होते.

"आमच्याकडे चाखणाऱ्यांची एक टोळी आहे," अनुश्री ओट्याला टेकून म्हणाली. "रोज चार वाट्या ठेवतो त्यांच्यासमोर. मधूनच एक मुद्दाम खराब ठेवतो. माल बघायला नाही, माणसं बघायला. जो तिलाही बढिया म्हणतो, त्याला दुसऱ्या दिवशी बोलवत नाही." तिने त्याच्याकडे पाहिलं. "दाणे कसे होते?"

खमंग, हा शब्द सुजयच्या ओठांवर आलाच होता. त्याने तो मागे घेतला.

"मला नाही माहीत."

"खवट होते. मी मुद्दाम तळून ठेवले होते, जुन्या तेलात. तुम्ही चौथे. आधी नुसते मुलाच्या ताटलीत घालत होते, आज घाईत सगळ्यांच्याच गेले. चौघेही खमंगच म्हणाले. पण तुमच्याआधी दुसऱ्यांदा कोणी घेतले नव्हते."

आता सुटकेची वाटच नव्हती, आणि नसल्यामुळे सुजयला बरंच वाटलं.

"मला वास येत नाही," तो म्हणाला. "साथीत गेला. वाक्यं पाठ केलेली आहेत. आईने करून घेतली, पण म्हटली मी. आधी सांगायला पाहिजे होतं."

 अनुश्रीने फळीवरून एक डबी काढली, नावाच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं, झाकण उघडलं आणि त्याच्या नाकाखाली धरली. ही माणसाची सवय नव्हे, धंद्याची सवय.

"काय आहे?"

हिंग असणार हे ठरवायला अक्कल पुरेशी होती. स्वयंपाकघरातली एवढीशी पिवळी डबी आणखी कसली असेल?

"डबीवरून हिंग वाटतोय. वास नाही."

तिने दुसरी धरली, डोळे मिटायला लावून. "हे?"

"आत गार गार लागतंय. वास नाही."

"कापूर," ती म्हणाली आणि झाकण लावलं. "बरोबर आहे. कापराचा गारवा तेवढा लागणार." मग डबी जागेवर ठेवून, "आमच्या टोळीत तुम्हाला घेता यायचं नाही."

"नाही," त्याने कबूल केलं.

"घरात मला टोळी ठेवायचीही नाही."

याचा अर्थ काय लावायचा हे सुजयला धड कळेना, आणि विचारायची छाती होईना. म्हणून त्याने आधी जयसिंगरावांना फोन लावला. सांगितलं की खोट सापडली, ती मीच घातली होती, नवा बोर्ड लावतो आणि त्याच्या खुणांना हात लावणार नाही. 

"आणि तो हातोदवाला?" जयसिंगरावांनी विचारलं. "पुन्हा म्हणेल, नवीन मालात खोट."

"त्याला सांगा, खोट कुठे आहे ते आम्हाला माहीत आहे. ज्या यंत्रात शून्य लिहिलंय, त्याचंच खरं भेव."

जयसिंगराव म्हणाले की तूच चल, तूच सांग. तीनला निघू.

बाहेर आल्यावर सुजय बसला नाही. बसलो तर हिंमत उतरेल हे त्याला माहीत होतं. त्याने उभ्यानेच ओगलेकाकांना सांगितलं की मला वास येत नाही, मघाशी मी पोह्यांबद्दल जे बोललो ते खोटं होतं. प्रेमलताबाईंच्या हातातला चमचा ताटलीवर वाजला. लेकाने स्वतःच्या हाताने स्वतःचं लग्न मोडलं असं त्यांना वाटलं आणि त्यांचा चेहरा एवढासा झाला.

 तेवढ्यात शरच्चंद्र खाकरले.

"मला येतो," ते म्हणाले. "दाणे खवट आहेत."

"आहेतच!" शामराव एकदम मोकळे झाले. "आहेतच खवट! मी म्हटलं, तुम्ही आवडीने खाऊन राहिले तर मी कशाला बोलू?"

काकूंनी तोंडाला पदर लावला आणि अनुश्रीकडे पाहिलं. तिने, मी घातले होते, असं शांतपणे सांगितलं. यावर रागवायचं की हसायचं हे ठरेपर्यंत शामराव हसायला लागले होते आणि मग काकूही. प्रेमलताबाई मात्र हसल्या नाहीत. चहा झाला, गाजराचा हलवा झाला, शरच्चंद्रांनी दोन वाट्या खाल्ल्या; त्या घोटभर चहावर बसून राहिल्या. होकाराचं कोणी काढलं नाही. कळवतो, असं दोन्हीकडून म्हणून झालं, आणि कळवतो म्हणजे काय ते प्रेमलताबाईंना अनुभवाने ठाऊक होतं.

पुरुषमंडळी गाडीपाशी गेली. सुजय बोर्डाची पिशवी छातीशी धरून उभा होता. आत, दाराशी, प्रेमलताबाई एक चप्पल पायात सरकवत होत्या आणि अनुश्री त्यांना पोचवायला उभी होती. इतका वेळ गप्प बसलेल्या बाईंनी एकाएकी तिचा हात धरला.

"तू होकार दे नाही तर नको देऊ, बेटा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "पण कोणाला तरी एकदा सांगायचंच होतं. त्याला गॅसचा वास येत नाही. रात्री मी उठून बटण बघून येते, त्याला माहीत नाही. आमटी आंबली तर तशीच पिऊन टाकतो. दूध जळून भांडं काळं होतं तरी शेजारी बसून असतो. मी आहे तोवर ठीक आहे." त्यांनी डोळे पुसले. "बाकी मुलगा चांगला आहे गं. मी आई म्हणून नाही म्हणत."

गाडीचा हॉर्न वाजला. अनुश्रीने हात सोडवून घेतला नाही.

"अजून काय काय?" तिने विचारलं.

प्रेमलताबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग पायात घातलेली चप्पल काढली आणि त्या पुन्हा आत येऊन बसल्या.